हौद्यातल्या माणसाचा विमा

८ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे नाशिकच्या औरंगाबाद रोडवर, मिरची हॉटेल चौकात, यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस आणि एक मालवाहू ट्रक यांची धडक झाली. बस पेटली. बारा जण गेले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून दोन लाख जाहीर झाले, आणि बातमी वाचणाऱ्यांच्या लेखी भरपाईचा विषय तिथंच मिटला.

वास्तविक तो तिथं सुरूही झालेला नसतो. सरकार देतं ती सानुग्रह मदत. सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेली; ती मागण्याचा हक्क कुणाला नसतो. हक्काची भरपाई मागायची जागा वेगळी आहे: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. नाशिकमध्ये ते मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयातच बसतं. वकिलांच्या तोंडी त्याचं नाव ‘एमएसीटी’. १९५६च्या दुरुस्तीने ही न्यायाधिकरणं आली. त्याआधी अपघातात माणूस गेला तर १८५५च्या कायद्याखाली दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षं बसावं लागे.

यवतमाळच्या कुटुंबाला त्यासाठी नाशिकला खेटे घालण्याची गरज नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६नुसार अपघाताच्या ठिकाणी, स्वतः राहतो तिथं किंवा प्रतिवादी राहतो तिथं अर्ज करता येतो. चूक ट्रकवाल्याची की बसवाल्याची, हे भांडणही प्रवाशाच्या डोक्यावर नसतं. दोन वाहनांच्या निष्काळजीपणात तिसराच सापडला तर त्याने कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम घ्यावी, वाटणी त्या दोघांनी आपसात करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खेन्येई प्रकरणात स्पष्ट केलं. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप बुडत नाही. तिथं गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, इथं शक्यतेचं पारडं कुठं झुकतं एवढंच बघतात.

मग रक्कम ठरते कशी? इथं भावनेला जागा फार थोडी, गणिताला भरपूर. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांनी त्याचं सूत्र घालून दिलं आहे. समजा, पस्तिशीचा एक गवंडी गेला. कमाई महिना १५ हजार. मागे बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे १ लाख ८० हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात चाळीस टक्के भर: २ लाख ५२ हजार. त्याने स्वतःवर खर्च केला असता तो चौथा हिस्सा वजा: १ लाख ८९ हजार. या वयाचा गुणक १६. हिशेब ३० लाख २४ हजारांवर जातो. अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची ठरावीक रक्कम वेगळी.

आता हाच गवंडी, हीच पोरं, पण १५ हजारांचा कागद नाही. ठेकेदार हातावर रोख देतो आणि साक्षीला उभा राहायला कां-कूं करतो. न्यायाधिकरणाने अंदाजाने आठ हजार धरले, तर त्याच सूत्राने उत्तर येतं १६ लाख १२ हजार ८००. मेलेला माणूस तोच, फरक चौदा लाखांचा. सूत्र निर्दोष आहे. त्यात घालायचा पहिला आकडाच गरिबाच्या खिशात नसतो. पुरावा नसल्यास किमान वेतनाचा आधार घेता येईल, पण तीच शेवटची रेघ मानू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये बजावलं आहे. तरी फोनपेचे व्यवहार, बँकेचं पासबुक, सोसायटीच्या कर्जाचा अर्ज, जे सापडेल ते जपून ठेवणारं घर पुढं जातं, हे उघड आहे.

गृहिणीची तर वेगळीच कथा. १९९४मध्ये कायद्याला जोडलेल्या परिशिष्टाने न कमावणाऱ्या पत्नीचं उत्पन्न नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश धरलं होतं. म्हणजे स्वयंपाक तोच, पण कलेक्टरच्या घरी महाग आणि शिपायाच्या घरी स्वस्त! जानेवारी २०२१च्या कीर्ती निकालात न्यायालयाने राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची पाहणीच पुढे ठेवली: बायका घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७.

पण नाशिक जिल्ह्यात खरी मेख आहे ती पिकअपमध्ये. द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा, पेठ भागातली माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांत छाटणीला, विरळणीला येतात. अनेकदा ती येतात पिकअपच्या हौद्यात उभी राहून. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा आशा राणी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. १९९४च्या दुरुस्तीने एक अपवाद ठेवला: मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी. म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या बाजाराला टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेला शेतकरी केबिनमध्ये असेल तर त्याला विम्याचं छत्र. त्याच गाडीच्या हौद्यात, त्याच वळणावर उलटलेली मजूर बाई मात्र उघड्यावर. ती गाडीमालकाची नोकर असती तरी काही मार्ग होता. पण तिला आणलेलं असतं मुकादमाने. राहतो तो गाडीमालक, आणि त्याची इस्टेट म्हणजे बहुधा तीच चेपलेली, हप्ते थकलेली पिकअप. काही प्रकरणांत न्यायालयांनी कंपनीला आधी पैसे द्यायला लावून मालकाकडून वसूल करायला सांगितलं. तो मात्र दिलासा, हक्क नव्हे. मालवाहू गाडीत माणसं नेणं बेकायदा आहे, हे खरंच. पण बागेपर्यंत दुसरं वाहन कुणी ठेवलं आहे, हा प्रश्न पॉलिसीच्या छापील अटींत येत नाही.

जखमींच्या बाबतीत सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावरचा टक्का हा देव मानला जातो. तोही पुरता खरा नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालाने सांगितलं, की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं अपंगत्व या दोन गोष्टी आहेत. डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची किंवा ड्रायव्हरची रोजी जवळपास संपते. दिवसभर हात वर करून घड विरळणारीच्या खांद्याला ‘तीस टक्के’ म्हणणाऱ्या दाखल्याचा अर्थ वकिलाने उलगडून सांगितला नाही, तर तिला तीसच टक्के मिळतात.

वकिलाची फी हा आणखी एक गुंता. अमेरिकेत जखमीचा वकील सर्रास निकालातल्या रकमेचा हिस्सा, बहुधा तिसरा, घेतो. हरला तर काहीच नाही. आपल्याकडे बार कौन्सिलचे नियम टक्केवारीला मनाई करतात. नियम चांगल्या हेतूचा आहे, फक्त त्यामुळे हातात पैसा नसलेल्याला चांगला वकील कसा मिळावा, याचं उत्तर विधी सेवा प्राधिकरणाच्या दारात शोधावं लागतं, आणि ते दार फार थोड्यांना ठाऊक असतं.

मुदतीचंही तसंच. १ एप्रिल २०२२पासून अर्जाला सहा महिन्यांची मर्यादा पुन्हा आली. घरातला कर्ता गेल्यावर किंवा हाडं जुळण्याची वाट बघताना सहा महिने कुठं जातात ते कळत नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने सांगितलं, की केवळ मुदत उलटली म्हणून असे अर्ज फेटाळू नयेत. नव्या नियमांनी पोलिसांवरही काम टाकलं आहे: पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत, थेट न्यायाधिकरणाकडे. तो अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. हे नेमाने घडलं, तर दवाखान्याच्या आवारात कोऱ्या वकीलपत्रांचे गठ्ठे घेऊन फिरणाऱ्या दलालांचा धंदा बसेल.

एवढं सगळं पार पडून निकाल लागला, कंपनीने रक्कम भरली, तरी ती घरी पोचतेच असं नाही. देशभरच्या न्यायाधिकरणांत मोठ्या रकमा कुणी न उचलता पडून असल्याचं लक्षात आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं आणि २२ एप्रिल २०२५ला आदेश दिला: अर्जातच दावेदाराचा पत्ता, आधार आणि बँक खात्याचा तपशील घ्या, पैसे थेट खात्यात टाका, न सापडणाऱ्यांना विधी सेवा यंत्रणेमार्फत शोधा. हंगामागणिक गाव बदलणाऱ्या, मुकादमाच्या फोननंबरवरच गाठ पडणाऱ्या मजुरांना शोधण्याचं काम आता त्या यंत्रणेकडे आहे.