उजवीकडून बोला

प्रिय मुली,



तुझं पत्र काल दुपारी आलं. तुझी आई माझ्या वर्गात होती. अक्षराचं वळण तू तिचंच उचललंयस. तुझ्या उजव्या कानाचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, लहानपणापासून वाहणारा कान कोरडा झाला, पण ऐकू येणं गेलं ते गेलंच. मेसमध्ये सगळ्या हसल्या की तूही हसतेस, कशावर ते कळलेलं नसतं. परवा लायब्ररीत तुझं ओळखपत्र खाली पडलं. एका अनोळखी मुलानं हाक मारली, ती पोचत नाही हे त्याच्या लक्षात आलं, तसा तो टेबलाला वळसा घालून तुझ्या समोर आला आणि कार्ड हातात देऊन गेला. तुला तिथंच रडू आलं. पत्राच्या शेवटी लिहिलंयस, ‘बाई, मला कुणाची कीव नकोय.’

कीव नकोच. पण त्या मुलानं कीव केली असं मला वाटत नाही. हाक पोचत नाही असं दिसलं, म्हणून तो चालत आला. अशी माणसं तुला आता पुष्कळ भेटणार आहेत, आणि त्यांच्याशी कसं वागायचं हे तू शिकून घ्यावंस म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझा डावा कान गेला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. दुखणं तुझंच, कोलेस्टिॲटोमा. पडद्याची कातडी आत ओढली जाते, तिथं मृत कातडीचे थर साठत राहतात आणि आजूबाजूचं हाड झिजवत जातात. मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं. त्यातली रिकीब म्हणजे शरीरातलं सगळ्यांत लहान हाड, जेमतेम 3 मिलिमीटर. ती झिजली की आवाज आत पोचवणारं कुणी उरत नाही. सर्जनचं पहिलं काम रोग मुळापासून काढून कान कोरडा आणि निर्धोक करणं. ऐकू येण्याचा विचार त्यानंतर. हे ऑपरेशनच्या आधी कुणी समोर बसून सांगितलं नाही, याचा तुला राग आहे. तो रास्त आहे. मलाही सहीच्या कागदापलीकडे कुणी काही सांगितलं नव्हतं. पण ऑपरेशनच करायला नको होतं, असं मात्र मनात आणू नकोस. हा रोग तसाच राहिला तर चेहऱ्याच्या नसेपर्यंत, आणि पुढं मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. लेखक ऑस्कर वाइल्ड 1900 साली पॅरिसमध्ये कानाच्याच दुखण्यातून मेंदूज्वर होऊन गेला, वयाच्या 46व्या वर्षी. त्याचे वडील विल्यम वाइल्ड हे डब्लिनचे नावाजलेले कानाचे सर्जन. कानामागं घेण्याच्या एका छेदाला आजही त्यांचं नाव आहे. मुलगा गेला तेव्हा ते हयात नव्हते, आणि असते तरी अँटिबायोटिक्स यायला अजून अवकाश होता. तू त्या काळात जन्मली नाहीस, याचं मला फार बरं वाटतं.

माझं ऑपरेशन पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात झालं. जनरल वॉर्ड. शुद्धीवर आले तेव्हा खाट, पंखा, खिडकी सगळं गरगरत होतं. तोल सांभाळणारा अवयव कानातच, ऐकण्याच्या अवयवाला लागून असतो. तो डिवचला गेला की मान हलवायची सोय राहत नाही. भाऊ औषधं आणायला खाली गेलेला. शेजारच्या खाटेवर एका लहान मुलीचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं होतं, तिची आजी उशाशी बसलेली. मला उमासा आला तशी ती उठली. एका हातानं स्टीलचं पातेलं माझ्या हनुवटीखाली धरलं आणि दुसरा तळवा माझ्या कपाळावर घट्ट दाबून ठेवला. त्या तळव्यानं खोली थांबली. तिनं तोंड पुसलं, पातेलं विसळून आणलं, पुन्हा नातीजवळ जाऊन बसली.

संध्याकाळी चहा लोखंडी लागला. घास चावला तर जिभेच्या डाव्या कडेला चवच नाही. मी घाबरले. चवीची एक बारीक नस मधल्या कानातून जाते आणि अशा ऑपरेशनात ती दुखावते, कधी कापावीही लागते, हे मला नंतर कळलं. आजीला तर नस वगैरे काहीच ठाऊक नव्हतं. माझं तोंड वाकडं झालेलं तिनं पाहिलं, डब्यातलं लिंबाचं लोणचं बोटावर घेतलं, म्हणाली, ‘हिकडनं खाऊन बघ, ह्या अंगानं.’ उजव्या कडेला लोणचं लख्ख आंबट लागलं. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन ती घरी गेली. तिचं गाव कोणतं, हेही मला माहीत नाही.

तुझ्या जिभेचं काय झालं, तू लिहिलं नाहीस. चव बदलली असेल तर बऱ्याच जणांची काही महिन्यांत सुधारते, एवढं ध्यानात ठेव.

ऑपरेशननंतरच्या तपासणीला मी एकटीच गेले होते. परतताना स्वारगेटला वाईच्या गाडीची वाट पाहत उभी होते. आवाज कुठून येतो हे आपल्याला दोन कानांमुळं कळतं. एका कानाला आवाज आधी पोचतो, दुसऱ्याला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी उशिरानं, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. एक कान गेला की सगळं जग त्या उरलेल्या कानाच्या बाजूला जाऊन बसतं. कंडक्टर ‘वाई, वाई’ ओरडत होता तो डावीकडं, आणि मी उजवीकडच्या फलाटाकडं निघालेली. गजरे विकणारी एक बाई टोपली घेऊन बसली होती. तिनं काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं. मी नुसती तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग ती टोपली उचलून माझ्या उजव्या अंगाला आली.

‘त्या कानानं येत न्हाई व्हय? आमच्या मालकांचं बी तसंच हाय. कुठं, वाईला? मग हिकडं कुठं निघालाय!’

मनगट धरून तिनं मला गाडीपर्यंत नेलं. पायरीशी उभं राहून कंडक्टरला बजावलं, ‘ह्यांच्याशी उजवीकडनं बोला. आन् खिडकीला बसवू नका, वाऱ्यानं चक्कर येतीय त्यांना.’ हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. ऑपरेशननं मोकळ्या झालेल्या कानात गार वारं शिरलं की आतलं तोलाचं यंत्र ढवळतं आणि चक्कर येते. नवऱ्याचं पाहून तिला ते ठाऊक होतं. कंडक्टरनं एका प्रवाशाला उठवून मला खिडकीपासून लांबची जागा दिली, आणि वाई आल्यावर हाक न मारता माझ्या सीटच्या दांड्यावर टिचकी मारली. दांडा थरथरला, मला कळलं.

ते वाक्य मी तिच्याकडून घेतलं आणि आजवर वापरते आहे. ‘मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडून बोला.’ बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या कार्यालयात, नव्या शेजाऱ्यांकडं, पहिल्या दोन मिनिटांत हे सांगून मोकळी होते. तुझा कान बाहेरून धडधाकट दिसतो. काठी नाही, चष्मा नाही, आणि खूण केसांखाली गेली. समोरच्याला कळायचं कसं? नुसतं ‘मला कमी ऐकू येतं’ म्हटलंस तर लोक कानाशी येऊन ओरडतात. नेमकं काय करायचं ते सांगितलंस तर बहुतेक माणसं ते लगेच करतात. कंपाउंडरला सांग, ‘माझा नंबर आला की हात करा.’ वाक्य निसटलं तर ‘काय?’ म्हणू नकोस, समोरचा सगळं पुन्हा पहिल्यापासून, तेवढ्याच घाईत म्हणेल. जेवढं ऐकू आलं तेवढं धरून विचार: ‘शनिवारी, पण किती वाजता?’

शाळेत दरवर्षी जूनमध्ये नवा वर्ग समोर यायचा, तेव्हा मी पहिल्याच तासाला फळ्याच्या कोपऱ्यात, डावा कान भिंतीकडं करून उभी राहायचे आणि पोरांना कारण सांगायचे. उत्तर देणाऱ्यानं उभं राहायचं, हात वर ठेवायचा. कुणी विसरलं तर बाकीची पोरं बोलणाऱ्याकडं बोट दाखवायची. हे त्यांना मी शिकवलेलं नव्हतं.

घरात मात्र वेळ लागला. अगदी जवळच्या माणसाच्या तोंडून ‘सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं’ हे मी ऐकलंय, आणि ते अजून बोचतं. पुढं माझ्या लक्षात आलं की घरच्यांना आधीची मी आठवत असते, स्वयंपाकघरातून मारलेल्या हाकेला ओ देणारी. त्यांना दर वेळी तिला विसरावं लागतं. अनोळखी माणसाजवळ माझी जुनी आठवण नसते, तो मला आहे तशी पाहतो. तू आईवर रागावलीयस, पण तिचंही असंच होत असणार. तिला अवधी दे.

2020 मध्ये सगळ्यांची तोंडं मास्कमागं गेली, तेव्हा आपण ओठांवरून किती ऐकत होतो ते कळलं. मेडिकलच्या दुकानातला एक पोरगा काउंटरमागून काय सांगतोय ते मला लागेना. त्यानं गोळ्यांचं रिकामं खोकं फाडलं, आतल्या पांढऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत ‘1-0-1, जेवणानंतर’ असं लिहिलं आणि काचेला लावून धरलं. आता बोललेलं अक्षरांत उमटवणारी सोय मोबाइलवर मराठीतही आहे. मेसमध्ये ती उघडून ठेव, कुणी हसणार नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राचं विचारलं होतंस. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातली व्याख्या दोन्ही कानांची आहे, दोन्हींत किमान 60 डेसिबलचा ऱ्हास हवा. एक कान शाबूत असलेली माणसं त्या व्याख्येत बसत नाहीत. हे मला अपुरं वाटतं. रस्ता ओलांडताना हॉर्नची दिशा न कळणं, दिवसभर कान ताणून संध्याकाळी डोकं गळून जाणं, हे कुणाच्या मापात येत नाही. म्हणून ऐकण्याच्या यंत्राकडं तरी पाठ फिरवू नकोस. तुझ्या डॉक्टरांना स्पष्ट विचार, आतला कॉक्लिया, म्हणजे ऐकण्याचा अवयव, किती शाबूत आहे? तो चांगला असेल तर काही महिन्यांनी टायटॅनियमचं हाड बसवून पाहता येतं, किंवा हाडातून आवाज पोचवणारं यंत्र चालतं. तो गेला असेल तर बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानाला पोचवणारं, क्रॉस नावाचं यंत्र मिळतं. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत, जी 1983पासून ऐकण्याच्या अडचणींवर काम करते आहे, ऐकण्याच्या तपासणीचा ऑडिओग्राम घेऊन एकदा जाऊन ये.

काही गोष्टी अगदी हट्टानं सांगते. अनोळखी माणसं मदत करतात तसे उपायही सांगतात. लसूण घालून तापवलेलं तेल कानात सोडायला कुणीही सांगितलं तरी सोडायचं नाही. अंघोळीला ऑपरेशन झालेल्या कानात व्हॅसलीन लावलेला कापूस ठेवायचा. आणि तुझा तो चांगला डावा कान जिवापाड जप. गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर उभी राहू नकोस, मैत्रिणींनी कितीही ओढलं तरी. त्या कानाला अचानक कमी ऐकू आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ, सोमवारची वाट पाहू नकोस.

दिवाळीच्या सुट्टीत वाईला ये. फोन करू नकोस, मेसेज टाक, मी स्टँडवर येईन. घाटावर फिरायला जाऊ. तू माझ्या उजवीकडून चाललीस की मी तुझ्या डावीकडं येते, म्हणजे दोघींचेही चांगले कान एकमेकींकडं. त्या लायब्ररीतल्या मुलाला अजून काही बोलली नसशील तर येण्याआधी बोलून ये, आणि तो काय म्हणाला ते मला सांग.

तुझी,
बाई