प्रेक्षकाचा न्याय

मालिका पाहून डोळे पुसणाऱ्या बाईची आपल्याकडे थट्टा होते. ती मीही पुष्कळदा सोसली आहे. बी.एड. झालेल्या, उर्दू शाळेत शिकवणाऱ्या बाईने असल्या गोष्टींत जीव गुंतवावा, हे आमच्या घरच्यांना शोभत नाही. त्यांना उत्तर देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या आसवांचे मोल काय, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे, म्हणून लिहिते.

२०१४ च्या जूनमध्ये 'जिंदगी' नावाची वाहिनी सुरू झाली. तिच्यावर पाकिस्तानी मालिका लागत. वर्षानुवर्षे न संपणाऱ्या सासू-सुनांना कंटाळलेल्या आमच्या मोहल्ल्याला वीस-पंचवीस भागांत संपणारी गोष्ट नवीन होती. शिवाय जी जबान आम्ही वर्गात शिकवतो, ती पडद्यावरच्या घरांत सहज बोलली जात होती. 'जिंदगी गुलजार है' मधली रफिया नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर शाळेत शिकवून तीन मुली वाढवते. ती तर आम्हाला आमच्यातलीच वाटली. पण सगळ्यांना वेड लावले ते 'हमसफर'ने. फरहत इश्तियाक यांच्या कादंबरीवरची ही मालिका पाकिस्तानात २०११-१२ मध्ये गाजली होती. आमच्याकडे ती २०१४ साली आली.

खिरद ही साध्या घरातली मुलगी. मामाच्या शब्दाखातर त्याच्या मुलाशी, अशरशी, तिचे लग्न होते. सासूला ती नको असते. अशर घरी येईल तेव्हा खिजर नावाचा तरुण खिरदच्या खोलीत असावा, असा बनाव सासू रचते. अशर बायकोचे काही ऐकूनच घेत नाही. पोटात मूल असलेल्या खिरदला रात्री घराबाहेर काढले जाते. काही वर्षांनी आजारी मुलीच्या उपचारासाठी ती पुन्हा अशरसमोर उभी राहते, आणि सत्य त्याच्यापुढे यायला मालिका संपत येते.

त्या रात्रीचा भाग झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या आपांनी डबाच उघडला नाही. "एकदा तरी त्याने तिला विचारायला हवे होते," असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. मीही माझा संताप त्यात मिसळला.

त्याच दिवसांत आमच्या शाळेत एक तरुण मुलगी तासिका तत्त्वावर शिकवत होती. तिला कुणाच्या तरी मोटरसायकलवरून उतरताना कुणीतरी पाहिले, असे कुणीतरी सांगितले. चार दिवसांत ही गोष्ट सर्वांना ठाऊक झाली, फक्त तिच्याशी कुणी बोलले नाही. ती खोलीत आली की आम्ही वह्या तपासू लागायचो. पुढच्या सत्रात तिला बोलावणे गेले नाही. शेवटच्या दिवशी तिने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "आपा, गुण भरून ठेवले आहेत." मी गठ्ठा घेतला. काही विचारले नाही.

खिरदसाठी रडणाऱ्या आणि या मुलीसमोर मान खाली घालणाऱ्या आम्ही त्याच बायका होतो. आम्ही ढोंगी होतो, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आमची आसवे खरी होती. मग फरक कुठे होता?

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेविषयी लिहिताना म्हटले आहे की ज्याचा तसा अपराध नाही अशावर संकट आले, की करुणा जागी होते. खिरदचा अपराध नाही, हे आम्हाला कॅमेऱ्याने दाखवले होते. बंद दारामागे काय घडले, सासू फोनवर काय बोलली, सगळे आमच्यासमोर होते. प्रेक्षकाला अशी शहादत आयती मिळते, म्हणून त्याला न्यायी होणे काही कठीण जात नाही. खऱ्या आयुष्यात ती कुणालाच मिळत नाही. तिथे आपण सगळे अशरच्या जागी उभे असतो. किंबहुना त्याच्याहून खालच्या जागी, कारण त्याने निदान डोळ्यांनी काहीतरी पाहिले होते. आम्ही केवळ ऐकले होते.

कुणी म्हणेल, गोष्टी पाहून-वाचूनच मन हळवे होते, मग बिघडले काय? हळवे होते, हे मलाही मान्य आहे. पण जिच्या निरपराधपणाची खात्री पटली आहे तिच्यापुरतेच हळवे होण्याची सवय लागली, तर बाकीच्यांचे काय? बदगुमानी हा गुनाह आहे, हे आम्ही मुलांना शिकवतो. हजरत आयेशांवर तोहमत आली तेव्हा मोमिनांनी आपल्या माणसांविषयी चांगलेच का मनात आणले नाही, असा सवाल कुराणाने केला. हुस्ने-जन, म्हणजे चांगला ग्रह, पुराव्याच्या आधी ठेवायचा असतो. पुराव्यानंतर तो कुणीही ठेवील.

त्या मुलीचे खरे काय होते, ते मला आजतागायत कळले नाही. तो तिचा भाऊ होता, की मंगेतर, की आणखी कुणी? तो भाऊच निघाला, असे येथे लिहिता आले असते तर हा लेख नीट संपला असता, आणि तुम्हीही माझ्याबरोबर हळहळला असता. पण ती पुन्हा प्रेक्षकाचीच हळहळ झाली असती. तो कुणीही असला, तरी तिला एक शब्द विचारणे आणि तिच्याबरोबर बसून डबा खाणे आमच्या हातात होते.

२०१६ मध्ये त्या वाहिनीने पाकिस्तानी मालिका बंद केल्या. मी मालिका आजही पाहते, आणि अजून रडतेही. मात्र शिक्षकांच्या खोलीत कुणाविषयी कुजबुज सुरू झाली, की "आपण स्वतः पाहिलंत का?" एवढे विचारते. लोकांना ते आवडत नाही. एकदोघींनी माझ्याशी बोलणे कमी केले आहे. एवढे विचारायला मला दहा वर्षे उशीर झाला, हे मात्र त्यांना ठाऊक नाही.