मनगटावरचा हिशेब

मोजणे हा मनुष्याचा फार जुना स्वभाव आहे. शेतकरी पायलीने धान्य मोजतो, आई लेकराच्या अंगातला ताप मोजते, दुकानदार रात्री गल्ला मोजून मगच दिवा मालवतो. मोजल्यावाचून प्रपंच चालत नाही आणि मोजण्यात मुळात काही पापही नाही. मात्र अलीकडे मनुष्याने एक नवीच वस्तू मोजावयास आरंभ केला आहे. ती वस्तू म्हणजे तो स्वतः. सकाळच्या प्रहरी तळजाईच्या टेकडीवर किंवा पर्वतीच्या पायऱ्यांवर जावे, तर फिरावयास आलेल्या अनेकांच्या मनगटावर एक काळा पट्टा दिसतो. तो दिवसभरातील पावले, हृदयाचे ठोके आणि रात्रीची झोप यांची नोंद ठेवतो. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांतही तो आला आहे. कोणी वाढदिवसाची भेट म्हणून दिला, कोणाला आखाती देशात असलेल्या मुलाने पाठवला. या पट्ट्याविषयी ख्रिस्ती मनाने कसा विचार करावा, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. त्याच्या पोटात हालचाल टिपणारा एक चिमुकला संवेदक असतो. हाताला बसणाऱ्या झोक्यावरून पाऊल पडले असावे, असे अनुमान तो काढतो. पट्ट्याच्या खालच्या बाजूने त्वचेवर हिरवा प्रकाश पडतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्त कमीअधिक होत असल्यामुळे परत येणाऱ्या प्रकाशावरून ठोक्यांची गणती होते. म्हणजे हा पट्टा पाय पाहत नाही, हाताचा झोका पाहतो. यास्तव खुर्चीत बसून हात हलवणाऱ्याच्या खात्यावर पावले जमा होऊ शकतात, आणि बाळाची गाडी दोन्ही हातांनी धरून कोसभर चालणाऱ्या आईची पावले गळू शकतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली अशी सात यंत्रे तपासली. त्यांपैकी सहा यंत्रांनी ठोक्यांचा आकडा बऱ्यापैकी अचूक दिला. परंतु शरीराने किती उष्मांक खर्च केले हे सांगताना त्यांतील सर्वांत बरे यंत्रदेखील सरासरी २७ टक्क्यांनी चुकले.

रोज दहा हजार पावले चालावे, हा नियम आता जणू अकरावी आज्ञा होऊन बसला आहे. त्याचा उगम मात्र वैद्यकशास्त्रात नाही. १९६४ साली टोकियो येथे ऑलिंपिक सामने झाले आणि पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र विक्रीस आणले. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. आकडा गोल होता, लक्षात राहण्यासारखा होता. तो जगभर पसरला. पुढे २०१९ साली सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या चालण्याचा अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे लाभ वाढत गेल्याचे दिसले नाही. आमच्या आजीबाईंनी हे ऐकून थोडा सुटकेचा निःश्वास टाकावा.

आकडा खरा असूनही अपुरा असू शकतो, याचा दाखला तर आमच्या पुण्यातच आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची व वजन यांवरून काढला जाणारा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३ होता. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के निघाले. एकच अंक, दोन निराळी शरीरे! बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसालाही मधुमेह का गाठतो, याचा विचार करताना हे उदाहरण आजही दिले जाते. अंक मनुष्याविषयी काही सांगतो. मनुष्य सांगत नाही.

याचा अर्थ पट्टा काढून फेकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ही संत पौलाची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एलिया संदेष्टा निराश होऊन रानात झाडाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही. झोपू दिले, भाकर व पाणी दिले, कारण पुढची वाट लांबची होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात जीवन आणि आरोग्य ही देवाने सोपवलेली मोलाची देणगी मानली आहे, आणि त्यांची वाजवी काळजी घेणे हे कर्तव्य ठरवले आहे. पण लागलीच पुढे तोच ग्रंथ शरीराची पूजा मांडण्यापासून सावध करतो. डॉक्टरांनी वर्षानुवर्षे सांगूनही जो गृहस्थ घराबाहेर पडत नव्हता, तो पट्ट्याच्या निमित्ताने रोज चालू लागला असेल, तर त्या पट्ट्याचे आभारच मानले पाहिजेत.

प्रश्न उद्भवतो तो सेवक मालक होतो तेव्हा. रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, जपमाळ संपलेली असते आणि आजी बैठ्या खोलीत येरझाऱ्या घालीत असतात. नातू म्हणतो, "आजी, झोपा आता." आजी म्हणतात, "अजून तीनशे राहिलीत रे, बाळा." हे हसण्यावारी नेता येईल. पण त्याच घरातील तरुण मुलगा सकाळी उठून 'झोप कशी झाली' हे स्वतःच्या अंगाला न विचारता मनगटाला विचारतो आणि आकडा कमी दिसला की दिवसभर खिन्न राहतो, तेव्हा हसू मावळते. मित्रांच्या यादीत आपला क्रमांक कितवा, हे दर तासाला पाहणाऱ्याला मंदिरात उभा राहून आपल्या उपवासांची व दशांशाची मोजदाद देवाला ऐकवणारा परुशी आठवावा. त्याचा हिशेब खोटा नव्हता. तो हिशेब शेजाऱ्याकडे तुच्छतेने पाहण्यासाठी वापरला गेला, हा दोष होता.

पवित्र शास्त्रात या विषयाचे मर्म सांगणाऱ्या दोन गोष्टी आहेत. दावीद राजाने लोकांची शिरगणती करवली. यवाबाने त्याला हटकले, तरी राजाने ऐकले नाही, आणि नंतर त्याचेच मन त्याला खाऊ लागले. वस्तुतः शास्त्रात 'गणना' नावाचे एक पुस्तकच आहे. तेव्हा मोजणे हेच पाप, असे म्हणता येत नाही. मग उणे काय होते? उत्तराची दिशा निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात सापडते. लोकांची मोजणी होईल तेव्हा प्रत्येकाने आपल्या जिवाबद्दल परमेश्वराला अर्धा शेकेल द्यावा, श्रीमंताने अधिक नाही व गरिबाने कमी नाही, असा तेथे नियम आहे. मोजला जाणारा जीव मोजणाऱ्याच्या मालकीचा नाही, ही त्या अर्ध्या शेकेलाची कबुली होती. कबुलीसहित केलेली मोजणी म्हणजे सेवा. कबुलीविना केलेली मोजणी म्हणजे कब्जा. स्वतःची मोजणीही याला अपवाद नाही.

संत इग्नेशियस लोयोला यांनी हे तत्त्व व्यवहारात उतरवले. सोळाव्या शतकातील त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात एखादा ठराविक दोष घालवण्यासाठी रोज ओळी आखून, प्रत्येक चुकीगणिक त्यांवर ठिपके देण्याची पद्धत सांगितली आहे. सकाळची ओळ संध्याकाळच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागल्याशी ताडून पाहावयाचा. आजच्या पट्ट्याचे हे साडेचारशे वर्षांपूर्वीचे भावंडच म्हणावे! पण याच संताने दिवसाच्या सर्वसाधारण विवेकपरीक्षणाची पहिली पायरी ठेवली आहे ती उपकारस्तुतीची. आधी देवाचे आभार, मग हिशेब. जपमाळेचे मणीही मोजण्यासाठीच असतात. पण मोजण्याचे काम बोटांवर सोपवून मन मोकळे व्हावे, यासाठी. पट्ट्याने मन मोकळे होते की अधिक जखडले जाते, ही कसोटी ज्याची त्याने लावून पाहावी.

आणि पट्ट्याला जे दिसत नाही, त्याचे काय? अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या उशाशी रात्र काढणाऱ्या सुनेला तो सकाळी वाईट झोपेबद्दल कमी गुण देतो. चांगल्या शोमरोन्याच्या हाती असा पट्टा असता, तर जखमी माणसाजवळ तो जेवढा वेळ थांबला तेवढा वेळ निष्क्रिय म्हणून नोंदला गेला असता. न थांबता पुढे गेलेल्या याजकाची व लेव्याची पावले मात्र अखंड पडत राहिली असती. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली आणि पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. या भगिनी दारोदार, जिन्याजिन्याने फिरून आपला कचरा उचलतात. टेकडीवर फिरणाऱ्यांपैकी कितीजण त्यांच्याइतके चालत असतील? त्यांच्या पावलांबद्दल त्यांना कोणी शाबासकी देत नाही. आरोग्यासाठी चालणाऱ्याचे चालणे कौतुकाचे, आणि पोटासाठी चालणारीचे चालणे अदृश्य, हा भेद आपल्या डोळ्यांना खुपला पाहिजे.

यास्तव पट्टा वापरणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना आम्ही थोडेच सुचवू. मिस्सेच्या वेळी तो घरी ठेवावा. गुडघे टेकलेल्या माणसाला उठून चालण्याची आठवण करून देण्याचा अधिकार यंत्राला नाही. रात्री आकडा पाहण्यापूर्वी दिवसाबद्दल देवाचे आभार मानावेत. तोच आपला अर्धा शेकेल. आणि उरलेली पावले खोलीतल्या येरझाऱ्यांत संपवण्याऐवजी, जमेल तेव्हा, एखाद्या आजारी किंवा एकाकी शेजाऱ्याच्या दारापर्यंत न्यावीत. तेथे बसावे लागेल, पावले थांबतील, पट्टा कुरकुर करील. करू द्यावी. आपल्या डोक्यावरचे केससुद्धा पित्याने मोजलेले आहेत, असे प्रभू येशूने सांगितले ते शिष्यांचे भय जावे म्हणून. ज्याची मोजणी प्रेमातून होते त्याच्या हिशेबात ती थांबलेली घटिका वाया गेलेली नसते.