परत दिलेली खिंड

रक्त सांडून मिळविलेले शाईच्या एका सहीने परत द्यावे काय? ऑगस्ट १९६५ मध्ये आपल्या जवानांनी घुसखोरांच्या वाटेवरची हाजी पीर खिंड जिंकली. पुढे १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला करार झाला. दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतावे असे ठरले आणि खिंड परत गेली. त्याच रात्री लालबहादूर शास्त्री तेथेच निवर्तले.

मग त्या डोंगरावर पडलेला जवान व्यर्थ गेला म्हणावयाचे? त्याच्या आईपुढे हा प्रश्न उच्चारण्याचे धैर्य मला नाही. परंतु असे पाहा, पाकिस्तानलाही छांबची भूमी सोडावी लागली. तेथेही कुणाची तरी मुले पडली होती. बलिदानाचे मोल जमिनीनेच करावयाचे, तर कोणालाच कधी मागे फिरता येणार नाही. जवान लढला तो खिंडीसाठी नव्हे, तर खिंडीअलीकडची घरे निर्धास्त राहावीत म्हणून.

१९७१ साली पुन्हा तोफा धडाडल्या, हे खरे. म्हणून तह करणे चूक ठरत नाही. जिंकणे जवानाच्या हाती होते. त्याचे सार्थक करणे मागे राहिलेल्यांच्या हाती आहे. ते ऋण अजून आपल्या माथी आहे.