तितिक्षा आणि पटावरचा ताप

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी (1551–1615) पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या लांबरुंद कापडावर, लिहिलेले ‘पंचीकरण’ ज्या वेदान्तपरंपरेतले आहे, तिच्या मते मन आत्म्याच्या नव्हे, तर देहाच्याच बाजूचे असून सूक्ष्म पंचमहाभूतांपासून घडलेले आहे. त्यामुळे अंगात कणकण असताना ‘शरीर बरे नसले तरी डोके ठीक आहे’ अशा भरवशावर शनिवार-रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धेला बसणारा खेळाडू मुळातच चुकीची फारकत करत असतो. बुद्धिबळाचे जगज्जेते मिखाईल ताल यांनी 1961 मध्ये मूत्रपिंडाचा विकार असताना बोट्विनिक यांच्याशी जगज्जेतेपदाचा परतीचा सामना खेळून तो 8–13 असा गमावला; मात्र त्याचे कारण केवळ आजार मानणे बोट्विनिक यांच्या तयारीवर अन्याय करणारे ठरेल. आजारपणात खेळायचेच ठरवले, तर त्याच वेदान्तातील तितिक्षा आठवते; तितिक्षा म्हणजे प्रतिकार, चिंता आणि विलाप यांवाचून दुःख सोसणे. ही व्याख्या मुमुक्षूसाठी, म्हणजे मोक्षाची इच्छा धरणाऱ्यासाठी आहे, आणि अर्ध्या गुणासाठी झगडणाऱ्याला ती जशीच्या तशी लावणे अंमळ ओढाताणीचेच होईल. तरीही तिच्यातील विलापाचा निषेध येथे नेमका लागू पडतो, कारण पराभवानंतर तापाचा दाखला देणारा प्रतिस्पर्ध्याचा विजय उणा करतो. शिवाय स्विस पद्धतीच्या, म्हणजे कोणीही बाद न होता समान गुणांचे खेळाडू एकमेकांशी खेळतात अशा, अनेक स्पर्धांत आधी कळवून अर्ध्या गुणावर एखादी फेरी सोडण्याची मुभा असते, आणि ती घेण्यात तितिक्षेचा भंग होत नाही.