खरी उंची

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एक ट्रकमालक होता. त्याच्याकडे दोन ड्रायव्हर होते. एक म्हातारा, एक नवा. नवा पोरगा कामाला चलाख, पण भारी घाईचा.

मालकाने दोघांच्याही ट्रकमध्ये रस्ता दाखवणारं यंत्र बसवलं. साधं नव्हे, खास ट्रकवाल्यांसाठी केलेलं. मोटारीला चालणारी वाट ट्रकला चालतेच असं नाही. कुठे पूल ठेंगणा असतो, कुठे जड गाडीला बंदी, कुठे ज्वालाग्राही माल नेता येत नाही. म्हणून हे यंत्र आधी विचारतं : गाडीची उंची किती? लांबी-रुंदी किती? वजन किती? माल कसला? मग त्या गाडीला झेपेल तोच रस्ता सांगतं.

म्हातारा रोज निघण्याआधी खाली उतरायचा आणि काठी लावून ट्रेलरची उंची मोजायचा. आकडा यंत्रात भरायचा आणि चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवायचा.

"कालच तर मोजलीत," पोरगा हसायचा.

"काल ट्रेलर दुसरा होता," म्हातारा म्हणायचा.

पोरग्याला यंत्राचा राग येई. ते त्याला शहराबाहेरून लांबलचक वळसा घालायला लावी, आणि शेजारून मोटारी सरळ निघून जात. एके दिवशी त्याने यंत्रातले १३ फूट ६ इंच खोडले आणि ११ फूट लिहिले. यंत्राने लगेच जवळची वाट काढून दिली. पोरगा वेळेआधी पोहोचला. मालकाने पाठ थोपटली.

मग काय, तो आकडा तसाच राहिला. काही दिवस सगळं सुरळीत चाललं. खोटं पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं, तर बिचाऱ्याचं भलं झालं असतं.

एकदा त्याला डरहम शहरात माल पोहोचवायचा होता. तिथल्या ग्रेगसन स्ट्रीटवरचा रेल्वेपूल ट्रकवाल्यांत बदनाम आहे. पूर्वी त्याच्याखाली ११ फूट ८ इंच एवढीच जागा होती. रस्ता खणून खोल करावा, तर खालून सांडपाण्याची मोठी वाहिनी गेलेली. शेवटी २०१९ साली पूलच ८ इंच वर उचलला. तरी उंची झाली १२ फूट ४ इंच. पुलाच्या अलीकडे एक जाड लोखंडी तुळई बसवली आहे. ती पुलाला वाचवते, ट्रकला नाही.

उंच गाडी येताना दिसली की तिथला सिग्नल लाल होतो आणि पाटी उजळते : गाडी जास्त उंच आहे, वळा.

पोरगा लाल दिव्यापाशी थांबला. त्याने पाटी वाचली. मग यंत्राकडे पाहिलं. यंत्र म्हणालं, सरळ जा. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला, आणि पोरगा सरळ गेला.

मोठा आवाज झाला. ट्रेलरच्या छताचा पत्रा तुळईला अडकून मागपर्यंत सोलत गेला. नशीब, कुणाला इजा झाली नाही.

मालक आला. म्हाताराही आला.

"यंत्राने फसवलं," पोरगा म्हणाला. "त्यानेच सरळ जायला सांगितलं."

मालक यंत्र काढून फेकायला निघाला. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. यंत्रात भरलेली गाडीची माहिती उघडून त्याने मालकापुढे धरली. उंची : ११ फूट.

"यंत्र खोटं बोललं नाही," म्हातारा म्हणाला. "११ फुटांचा ट्रक या पुलाखालून आरामात जातो."

पोरगा खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "पण काका, पाटीला कसं कळलं?"

"पाटीने तुला विचारलंच नाही. तिने ट्रकच पाहिला. यंत्राला मात्र तू सांगशील तेच कळतं. डॉक्टरला दुखणं चुकीचं सांगितलं, तर औषध लागू कसं पडणार?"

मालकाने यंत्र जागेवर ठेवलं. नुकसान पोरग्याच्या पगारातून थोडं थोडं कापून घ्यायचं ठरलं. म्हाताऱ्याने आपली काठी त्याच्या हातात दिली आणि दुसऱ्या ट्रेलरकडे बोट दाखवलं.

ज्याला वाट विचारायची, त्याला आधी आपलं खरं माप सांगावं.