तुटलं म्हणजे सोडलं का?

आपल्या समाजात त्यागाचं फार कौतुक. कुणी कंदमूळ सोडलं, कुणी रात्रीचं जेवण सोडलं, कुणी चातुर्मासात साखर सोडली की आपण हात जोडतो. ते योग्यच आहे. पण एखादी गोष्ट आपण सोडलीच नाही, ती आपोआप हातातून गेली, तर त्याला त्याग म्हणायचं का? दात गेल्यावर ऊस सोडणाऱ्याला आपण व्रती म्हणत नाही. आमच्या घरात यंदा हा प्रश्न उभा राहिला तो मुलांच्या गेम खेळायच्या यंत्रावरून. घरात त्याला सगळे ‘डबा’च म्हणतात.

फोंड्याला जूनच्या पावसात माडाची झावळ विजेच्या तारेवर पडणं काही नवं नाही. त्या संध्याकाळी घरातले दिवे एकाएकी डोळे दिपतील इतके उजळले आणि गेले. वीज परत आली तेव्हा देवघरातला बल्ब उडाला होता आणि माझ्या चौदा वर्षांच्या पुतण्याचा डबा चालू होईना. त्यानं वायर बदलून पाहिली, दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिलं, प्लग काढून तासभर ठेवून पुन्हा लावला. ना दिवा, ना आवाज.

सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं. सुट्टीभर बंदुका चालवत बसला होता. पाप आपल्या पायानं घराबाहेर गेलं, आता पैसे देऊन परत आणू नका.”

हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपल्याकडे यशोधर राजाची कथा आहे. सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलक’ लिहिलं ते याच राजावर. जिवंत प्राण्याचा बळी द्यायला तो तयार नव्हता. आईच्या आग्रहाखातर त्यानं पिठाचा कोंबडा केला आणि तो देवीपुढे कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी त्या एका भावापायी मायलेकांना कितीतरी जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत काढावे लागले. पडद्यावरचा माणूस हाही पिठाचाच कोंबडा. मरत कुणी नाही, पण मारण्याचा भाव तर होतो.

पुतण्यानं मात्र आजीला गाठलं. “मग तू टीव्हीवर महाभारत कसं बघतेस? त्यात काय कमी माणसं मरतात?”

मला दोघांचंही पटलं. तरी फरक आहेच. अभिमन्यू पडतो तेव्हा आजीचे डोळे भरून येतात. गेममध्ये माणूस पडला की गुण वाढतात. दुसरीकडे, त्याच डब्यात क्रिकेट आहे, फुटबॉल आहे, मोटारींच्या शर्यती आहेत. डबा अजीव. विळीनं भाजी चिरता येते आणि बोटही, पण विळीला कर्मबंध होत नाही.

माझं मत पडलं की आधी डबा दुरुस्त करावा, आणि मग काय सोडायचं ते ठरवावं. ऐकायला उलटं वाटेल. पण बंद पडलेल्या डब्यापुढे मुलानं काय सोडलं? काहीच नाही. मनात बंदूक तशीच राहिली, वर आजीवरचा राग. उमास्वातींनी परिग्रहाला मूर्च्छा म्हटलं आहे, म्हणजे वस्तूत गुंतलेलं मन. वस्तू नसणं म्हणजेच अपरिग्रह असता, तर प्रत्येक कंगाल माणूस मुनी झाला असता.

भावजी म्हणाले, “टाकून द्या, नवा घेऊ.” हाही त्याग नव्हेच. मुनींच्या पाच समितींमध्ये वस्तू जपून उचलणं-ठेवणं ही एक समिती आहे, आणि टाकायचं तेही जीव पाहून टाकणं ही दुसरी. आपण गृहस्थ, तेवढं काटेकोर जमणार नाही. पण शिसं नि प्लास्टिक असलेलं यंत्र ओल्या कचऱ्याच्या पिशवीत कोंबायचं नाही, एवढं तर जमेल. देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. आणि जे दुरुस्त होतं, ते कचरा नव्हेच.

वरच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला. आत फ्यूज उडालेला, शेजारी एक निळी चकती फुटून काळी पडलेली. तो म्हणाला, “वहिनी, ह्याला व्हेरिस्टर म्हणतात. एरवी हा गप्प असतो. न्यूट्रल तुटली की घरात २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्ट शिरतात. तेव्हा हा सगळा झटका स्वतःवर घेतो, फ्यूज उडतो आणि पुढचं वाचतं.” दोन्ही सुटे भाग त्याच मापाचे बसवले. फ्यूजच्या जागी तार घालून काम भागवू नये, आणि मुलांनी डबा घरी उघडू नये, हे त्यानं बजावून सांगितलं. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ राहतात. साडेचारशे रुपयांत डबा चालू झाला.

फ्यूजचं काम एवढंच, धोका आला की थांबवायचं. पुढे काय करायचं ते माणसानं ठरवायचं असतं. सासूबाईंना वाटलं होतं की विजेनं निकाल दिला. माझ्या मते विजेनं आम्हाला बोलायला सवड दिली.

यशोधराची गोष्ट मी पुतण्याला सांगितली, पण बंदी घातली नाही. भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. उत्तम क्षमेच्या दिवशी सकाळी त्यानं आपणहून प्लग काढला, वायर गुंडाळली आणि आजीच्या कपाटात नेऊन ठेवली. दहा दिवस ती तिथेच होती. अनंत चतुर्दशी झाली आणि दुसऱ्या दिवशी वायर परत गेली. बंदुकीचा गेम लागला की क्रिकेटचा, मी पाहायला गेले नाही.

सासूबाई म्हणतात, “शेवटी काय, पुन्हा तेच.” पण मी ते दहा दिवस मोजते. जूनमधले आठ-दहा दिवसही डबा बंदच होता. ते मात्र मी मोजत नाही. दोन्ही वेळा पडदा काळाच होता. फरक इतकाच, की भाद्रपदात डबा चालू होत होता.